हाली, कलदार

जालना तहसीलच्या फाटकाबाहेर कडुलिंब, कडुलिंबाखाली माझं टेबल.
शपथपत्र, वारसाचा अर्ज, गुणपत्रिका हरवल्याचं निवेदन,
पानाला तीस रुपये, घाई असेल तर चाळीस.
वडीलही इथंच बसायचे. अर्जनवीस.
उर्दूत लिहायचे, मराठीत समजावून सांगायचे,
आणि हाली बंद झाला त्या साली
एकाच तऱ्हेचे अर्ज लिहायचे:
हुजूर, माझ्याकडं इतके हाली उरले आहेत,
कलदार करून मिळावेत.
मुदत संपल्यावर आलेल्यांचेही लिहिले त्यांनी.
फी म्हणून हालीच घेतले.

यंदा मतदानाच्या आदल्या रात्री
पथकानं नाक्यावर आप्पांची जीप थांबवली,
डिकी उघडली, स्टेपनीखाली हात घातला,
भाकरीचं गाठोडंसुद्धा सोडून पाहिलं.
काही नव्हतं. तेवढ्यात
अख्ख्या गल्लीचे फोन वाजले. टिंग.
प्रत्येकाला दोनशे लोकराज कॉइन. एकाचा भाव पंधरा रुपये,
शेजारी बाण, वर जाणारा, हिरवा.
मुंजाजीच्या पोरानं सगळ्यांना ॲप टाकून दिलं होतं,
बारा इंग्रजी शब्द कागदावर लिहून दिले होते,
म्हणाला, हे बियाणं आहे, कुणाला दाखवू नका.
जालन्यात बियाणं म्हटलं की माणूस विश्वास ठेवतो.
कौसाबाईनं तो कागद पिठाच्या डब्यात ठेवला.

मोजणीच्या दुपारी बाण लाल झाला.
संध्याकाळी आप्पांचा गुलाल,
आणि लोकराज तीन पैशाला. घ्यायला कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी टेबलासमोर एकोणचाळीस माणसं.
लिहा, फसवणूक झाली.
मी कागद चढवला.
कुणी केली? आप्पांनी.
पैसे तुम्ही दिले होते? नाही.
मग कॉइन कशाबद्दल मिळाले?
निंबोळ्या पडत राहिल्या, टेबलावर, मशीनवर, डोक्यावर.
ते सोडा, पुढचं लिहा, कौसाबाई म्हणाली.
पुढचं काही नव्हतं.

नसीमबीचं काम निराळं.
नवरा वेल्डर, इथल्या सळईच्या कारखान्यातून परदेशी गेलेला.
तिथं लढाई पेटली, बँकांना कुलपं,
पगार मात्र ह्याच वाटेनं आला,
फोनमधून फोनमध्ये,
ना सरहद्द, ना रविवारची सुट्टी.
इथं कुण्या अनोळख्यानं तो घेतला, तिला रुपये दिले.
चार महिने पोराचं डायलिसिस त्यावर चाललं.
मग खातं गोठलं.
त्या अनोळख्याचे रुपये म्हणे
कुण्या तिसऱ्याला लुबाडून आणलेले.
कुठल्याशा लांबच्या राज्यातल्या पोलिसांनी कळवलं, बँकेनं ऐकलं.
"चोरी का पैसा बोलरे, चाचा.
इनों हात जलाए सो किधर लिखा है?"

लिहिलेलं होतं. चौसष्ट अक्षरं-आकडे, एका रांगेत,
कधी न पुसणाऱ्या वहीत, हजारो साक्षीदारांसमोर.
मी ते टाइप केलं. एकोणिसाव्याला चुकलो,
पान फाडलं, पुन्हा बसलो.
तरी कारकून म्हणाला,
दोन साक्षीदार लागतील, आधार कार्डवाले.
एक चहावाला नरहरी. एक मी.

वाऱ्यानं पान उडू नये म्हणून
वर दोन हाली ठेवले, वडिलांच्या डब्यातले.
चारमिनारवाले चांदीचे बहिणीच्या लग्नात आटवले;
हे तांब्याचे, हे कुणी आटवत नाही.

खालच्या खणात एकोणचाळिसांची तक्रार तशीच आहे.
सह्या झाल्यात, अंगठे झालेत,
'कशाबद्दल'पुढं जागा कोरी.
चाळिसावी ओळ मी आखून ठेवली आहे.
त्या रात्री माझाही फोन
उशाशी वाजला होता, आणि मी
अंधारात चाचपून चष्मा शोधला,
आणि आधी
बाण पाहिला होता.